काका, रजा हवी होती

रजा मागायला साहेबांच्या खोलीत गेलेला माणूस रजा न मागताच बाहेर येतो, हे दृश्य आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. आत जाताना घोकलेलं वाक्य ओठांवर असतं आणि बाहेर येताना हातात एक जास्तीचं काम असतं. आपण त्याला हसतो आणि आपली पाळी आली की अगदी तसंच करतो.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकचं तीन वर्षं हेच चाललं होतं. फरक एवढाच, की तो परदेशात होता आणि त्याच्या साहेबांना तो साहेब म्हणत नव्हता, काका म्हणत होता.

काका म्हणजे त्याचे मालक. सख्खे नाहीत, चुलत नाहीत, गावचेही नाहीत. भाषा तेवढी एक. लिफ्टच्या देखभालीची त्यांची छोटी कंपनी होती. त्या देशात कुशल कामगाराला यायचं आणि राहायचं असेल, तर तिथल्या एखाद्या मालकाला त्याच्या नावाने सरकारपुढे उभं राहावं लागे, की हा माणूस मला हवा आहे, याच्यासाठी माझ्याकडे काम आहे. काका मेकॅनिकसाठी असे उभे राहिले होते. विमानतळावर स्वतः घ्यायला आले. थंडी बघून स्वतःचा जुना कोट दिला. पहिल्या दिवशी तो "साहेब" म्हणाला, तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "साहेब कसला रे, काका म्हण. तू आता घरचा माणूस."

घरचा माणूस! आपल्या भाषेत यापेक्षा गोड शब्द नाही आणि महागही नाही. घरच्या माणसाला सुट्टीच्या दिवशी बोलवायला संकोच वाटत नाही. घरचा माणूस घड्याळ बघत नाही. आणि घरचा माणूस रजा मागायला लागला, की घरच्यांना वाईट वाटतं.

नाती वाटण्यात तर आपला हात कुणी धरणार नाही. दूधवाले काका, रिक्षावाले काका, समोरच्या मावशी, खालच्या आजी. फुकटचा माल, वाटा हवा तितका. पण कधी कधी त्याची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते, ती कशी ते सांगतो.

मेकॅनिक देश सोडून निघाला तेव्हा त्याची मुलगी पाळण्यात होती. आता ती घरभर धावत होती आणि फोनच्या पडद्यावर येऊन जीभ दाखवत होती. बायको एका दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर काम करायची. ती कटकट करणारी नव्हती. एकच गोष्ट ती पुन्हा पुन्हा मागायची. "मला आठवडे-महिने सांगू नका. एक तारीख सांगा. कॅलेंडरवर खूण करून तिला दाखवते."

तारीख काही त्याला सांगता येत नव्हती. पहिल्या वर्षी काका म्हणाले होते, आत्ताच तर आलास. दुसऱ्या वर्षी म्हणाले, मोठं कंत्राट आलंय, दुसरा माणूस मिळू दे. नंतर म्हणाले, कायमचं राहण्याची परवानगी हातात पडू दे, मग कुटुंबालाच आण, मधेच जाऊन आलास आणि तुझं काही अडकलं तर मला बोल लावू नकोस. खरंच काही अडकतं का, हे मेकॅनिकने कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं कुणाला? ओळखीचे तेवढे काका.

ओळखी व्हाव्यात असं त्याचं कामच नव्हतं. दिवसभर तो लिफ्टच्या खोल विहिरीत असायचा, नाहीतर गच्चीवरच्या मशीनखोलीत. विहिरीच्या भिंतीतून प्रत्येक मजल्यावरचे आवाज त्याला यायचे. कुठे कुणी हसतंय, कुठे बाळ रडतंय, कुठे जेवायला हाक मारताहेत. सगळ्या इमारतीचा संसार कानावर पडायचा आणि त्यातलं एकही माणूस त्याला चेहऱ्याने ओळखत नव्हतं. दार उघडून तो बाहेर आला की लोक आपापल्या बुटांकडे बघत लिफ्टमध्ये शिरायचे. मग तो लिफ्टशीच बोलायला लागला, तेही मराठीत. "काय गं बाई, आज का रुसलीस?" हसू नका. माणसाला बोलायला कुणीतरी लागतं.

त्या दिवशी सकाळी त्याने नेहमीप्रमाणे घरी फोन लावला. बायकोने मुलीला हाक मारली, "बघ, कोण आलंय फोनवर."

मुलगी पडद्याजवळ आली. डोळे बारीक करून तिने बघितलं आणि मोठ्या शहाणपणाने म्हणाली, "काका."

बायको हसली. "अगं, बाबा आहेत ते!"

"फोनमधले काका," मुलीने दुरुस्ती केली आणि ती पळाली.

फोनवर दिसणारे सगळे तिला काकाच होते. बायकोचा भाऊ मामा, पण बाकीचे सगळे काका. त्यात मुलीचा काय दोष? तिला जसं शिकवलं तसं ती बोलली. बायको पुन्हा हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. "डबा करायचाय," असं म्हणून तिने फोन ठेवला. मेकॅनिक कोट घालून कामाला निघाला. काकांच्या त्या कोटाच्या बाह्या लांब होत्या, त्याची बोटं आतच राहायची.

पहिलंच काम एका जुन्या उंच इमारतीत होतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती आणि आत कुणीतरी होतं. आता यात एक नियम आहे, तो ऐका, कारण पुढची गोष्ट त्याच्यावर उभी आहे. अशी लिफ्ट सोडवायला दोन माणसं लागतात. एकाने वर मशीनखोलीत जाऊन ब्रेक हळूहळू सोडायचा आणि हाताने चाक फिरवायचं. दुसऱ्याने खाली दाराशी थांबून आतल्या माणसाला धीर द्यायचा आणि लिफ्ट नेमकी मजल्याला आली की वरच्याला थांब म्हणायचं. काका मात्र मेकॅनिकला नेहमी एकट्यालाच धाडायचे. तो वर-खाली धावून दोघांचं काम करायचा. घरचा माणूस ना!

त्याने बंद दारावर हात ठेवला आणि सवयीने पुटपुटला, "काय गं बाई, कुठे अडकून बसलीस?"

आतून उत्तर आलं, चक्क मराठीत. "अडकलेय हे खरं. पण तू अगं-तुगं कुणाला करतोस?"

मेकॅनिक दोन पावलं मागे सरला. तीन वर्षांत पहिल्यांदाच लिफ्ट त्याच्याशी बोलली होती. मग भानावर येऊन त्याने घाईघाईने माफी मागितली. म्हणाला, "मी लिफ्टला म्हणत होतो आजी, तुम्हाला नाही."

"आजी म्हणू नकोस. दोन नातवंडं आहेत तेवढी पुरेत. बाई म्हण. आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली, सगळे बाईच म्हणायचे."

बाई वरच्या मजल्यावर मुलाकडे राहत होत्या. त्याने सांगितलं, की मी वर जाऊन ब्रेक सोडतो, घाबरू नका. तेव्हा त्यांचा आवाज एकदम उतरला. आतला दिवा मिणमिणत होता. "तू जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "किती वेळ लागायचा तो लागू दे. फक्त दाराशी कुणीतरी असू दे."

त्या आवाजात जे होतं ते मेकॅनिक चांगलं ओळखत होता. त्याने काकांना फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला, काका, दुसरा माणूस पाठवा. काका वैतागले. माणूस कुठून आणू, तू काय नवीन आहेस का, दहा वेळा एकट्याने केलंयस, उरकून टाक. मेकॅनिक "हो काका, पण काका, तसं नाही काका" करत राहिला. शेवटी म्हणाला, आतलं माणूस वयस्कर आहे, त्यांना सोडून मी जाणार नाही.  मग काका म्हणाले, मीच येतो, आणि त्यांनी फोन आपटला.

तो दाराला पाठ टेकून जमिनीवर बसला. आत बाईही बसल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज आता त्याच्या खांद्याजवळून यायला लागला.

"सख्खे का हे काका?"

"नाही. मालक आहेत."

"मग काका कशाला?"

"असंच. खूप केलंय त्यांनी. माझ्यासाठी जामीन राहिलेत, म्हणून तर इथे आहे मी."

"अस्सं," बाई म्हणाल्या. "जामिनावर आहेस तर. गुन्हा काय केलास?"

मेकॅनिक हसला, पण आतून कुणी हसलं नाही. बाईंना खरंच उत्तर हवं होतं. मग काय झालं कुणास ठाऊक, त्या बंद दाराशी तो घडाघडा बोलायला लागला. माणसाच्या तोंडाकडे बघून जे सांगता येत नाही, ते दाराला सांगता येतं. कोट सांगितला, रविवार सांगितले, न मागितलेल्या रजा सांगितल्या. आणि शेवटी सकाळचा फोन सांगितला. मुलगी काका म्हणाली, एवढंच म्हणाला आणि कोटाच्या बाहीने त्याने तोंड पुसलं.

 बाईंनी विचारलं, "त्यांनी तुला का बोलावलं?"

"माझ्यावर उपकार म्हणून."

"तुला ओळखत होते का आधी?"

"नाही."

"मग अनोळखी माणसावर समुद्रापलीकडून कोण उपकार करतं? त्यांना लिफ्टचा कारागीर हवा होता, तू लिफ्टचा कारागीर आहेस. तुला काम हवं होतं, त्यांच्याकडे काम होतं. याला सौदा म्हणतात बाळा. सौदा काही वाईट नसतो, चोख असला म्हणजे झालं. त्यांनी दार उघडलं त्याचे आभार मान, जन्मभर मान. पण सौद्याला नातं म्हटलं ना, की हिशेब विचारायची चोरी होते. तू काका म्हणालास आणि स्वतःच्या तोंडाला स्वतःच कुलूप लावलंस. त्यांनी किल्ली खिशात टाकली, एवढाच त्यांचा दोष."

मेकॅनिक म्हणाला, "पण त्यांनी हात काढून घेतला तर?"

"भीती खोटी नाही तुझी. पण कधी कुणाला विचारलंस का, की रजेवर गेलं तर काय होतं? दुसऱ्या मालकाला माझ्या नावाने उभं राहता येतं का? नियम कुठेतरी लिहिलेले असतातच की. कामगारांना मोफत सल्ला देणारी माणसंही असतात. तू ज्याला घाबरतोस त्यालाच विचारत बसलास तर तो काय सांगणार?" बाईंनी आतून दारावर टकटक केली. "कोर्टात मी एक बघितलंय. चोर असो, दरोडेखोर असो, जामिनावर सुटलेल्या माणसालासुद्धा तारीख मिळते. तुला तीन वर्षांत एक तारीख मिळाली नाही?"

तारीख! बायको तरी दुसरं काय मागत होती?

त्याने मान मागे दाराला टेकवली. आतून बाईंचा आवाज आला, पण आता त्या त्याच्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळत नव्हतं. "मी तरी काय शहाणपण शिकवतेय. मलाही मुलाने जामीन राहूनच आणलंय. सकाळी सगळे बाहेर पडतात. मी दिवसातून दोनदा या लिफ्टने खाली जाते आणि वर येते. काम काही नसतं. कुणी आत शिरलं तर मान हलवतं, तेवढंच. महिनाभर घरी जाऊन यावं असं वाटतं, बहीण आहे माझी. पण एवढ्या हौसेने आणलंय, त्याला काय वाटेल म्हणून बोलत नाही."

दाराच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं पाठीला पाठ लावून बसली होती, मधे फक्त पत्रा होता. दोघांनाही कुणी कोंडलं नव्हतं. कोंडून घेतलं होतं ते आपलं आपण.

तेवढ्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. लिफ्ट बंद म्हणजे काकांना सगळे मजले चढून यावे लागले होते. चेहरा लाल, कपाळावर घाम. एक अक्षर न बोलता ते तसेच वर मशीनखोलीत गेले. कितीतरी वर्षांनी त्यांनी चाकाला हात लावला असेल, पण हात विसरले नव्हते. लिफ्ट जराही हिसका न देता खाली सरकली. मेकॅनिकने खालून "थांबा" म्हटलं, चावी फिरवली आणि दार उघडलं.

बाई अगदी लहानखुऱ्या होत्या. आवाजावरून त्याला त्या उंच वाटल्या होत्या. त्यांनी बाहेर येऊन आधी त्याच्या कोटाच्या लोंबत्या बाह्या बघितल्या, मग वरून उतरलेल्या काकांकडे बघितलं. काकांना त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचा माणूस मला सोडून गेला नाही. आता तुम्ही त्याला किती दिवस धरून ठेवणार?" आणि जिन्याने आपल्या घराकडे चढायला लागल्या.

लिफ्टला तात्पुरती 'बंद'ची पाटी लावून दोघं पायऱ्या उतरू लागले. काकांची कुरकुर चालू होती, आज माझा अख्खा दिवस वाया घालवलास, वगैरे. दोन मजले मेकॅनिक ऐकत राहिला.  हो म्हणाले तर मुलगी, नाही म्हणाले तर कदाचित नोकरी, आणि नोकरीबरोबर सगळंच. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने हत्यारांची पेटी खाली ठेवली.

"साहेब, मला तारीख द्या."

काका एक पायरी पुढे गेले होते. ते वळले. त्याने काय मागितलं यापेक्षा त्याने काय हाक मारली, हेच त्यांना जास्त लागलं होतं.

"साहेब? आता मी साहेब झालो का? तुला इथे आणलं कुणी?"

"तुम्ही आणलंत. ते मी विसरणार नाही. पण काका म्हटलं की मला रजा मागता येत नाही. करारात लिहिलेली रजासुद्धा भीक मागितल्यासारखी वाटते. म्हणून साहेब म्हणतोय. इथून पुढे माझं काम चोख असेल, तुमचं देणंघेणंही चोख असू दे. अडकलेली लिफ्ट सोडवायला दोन माणसं. आणि मला घरी जायला तारीख."

"आणि नाही दिली तर?"

मेकॅनिक म्हणाला, "तर मी दुसरा मालक शोधीन. तसं करता येतं का ते उद्याच जाऊन विचारणार आहे. तुम्हाला न सांगता करणार नाही." मग तो एक पायरी उतरून त्यांच्याजवळ आला. "साहेब, आज माझी मुलगी मला काका म्हणाली."

 काका तिथेच पायरीवर बसले. गुडघे दुखत असतील, किंवा दुसरं काही.

"मी ज्याच्याकडे आलो होतो ना," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "त्याला मी दादा म्हणायचो. आई आजारी पडली तेव्हा दादा म्हणाला, एवढं काम उरकून जा." मग ते कठडा धरून उठले. 

माणसं काही एका दिवसात देव होत नाहीत, काकाही झाले नाहीत. त्यांनी खाली पोचेपर्यंत घासाघीस केली. दोन महिन्यांनंतर जा म्हणाले, मग पुढच्या महिन्यावर आले, परत येतोस ना म्हणून तीनदा विचारलं. पण इमारतीच्या दाराशी उभं राहून त्यांनी फोन काढला आणि एक तारीख पक्की केली. जाताना म्हणाले, "नवा माणूस घेतोय. त्याला आणायला विमानतळावर जाईन तेव्हा काका म्हण असं नाही सांगणार, बस्स?"

मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी कामगारांना सल्ला देणाऱ्या कचेरीत जाऊन विचारलंही. रजेवर गेल्याने त्याचं काहीच अडकणार नव्हतं. तीन वर्षं तो एका प्रश्नापायी अडकून पडला होता आणि प्रश्न विचारायला अर्धा तास पुरला. तिथून बाहेर पडल्यावर तो फुटपाथवर थोडा वेळ नुसता उभा राहिला. राग यायला हवा होता. आला तो स्वतःचाच.

घरी त्याने तारीख कळवली. बायकोने कॅलेंडरवर लाल गोल काढला आणि रोज सकाळी मुलीला उचलून तो दाखवला. बघ, तारीख येणार. अजून तारीख आली नाही. आता तारीख अगदी जवळ आली.

मग तो दिवस उजाडला. त्याने दाराची बेल वाजवली. अंगावर स्वतःचा नवा, बेताच्या बाह्यांचा कोट होता. दार मुलीनेच उघडलं. तिने मान वर करून त्याला नीट न्याहाळलं.  काका म्हणाली तरी चालेल, असं त्याने विमानातच मनाला बजावून ठेवलं होतं.

मुलगी आत वळून ओरडली, "आई, तारीख आली!"

बायको पदराला हात पुसत धावत आली आणि दारातच रडायला लागली. तो हसत होता आणि डोळे पुसत होता. मुलीला मात्र काही कळेना. एवढी वाट बघितलेली तारीख आली, तर ही दोघं रडतात कशाला?

वाचकहो, ज्याने आपल्यासाठी दार उघडलं त्याचे उपकार जरूर मानावेत. पण उपकारांच्या ओझ्याखाली आपला हक्क गाडून टाकू नये, कारण त्याच्याबरोबर घरची माणसंही गाडली जातात. आणि ज्यांच्या हाताखाली चार माणसं असतील, त्यांनी माणसाला खुशाल घरचं म्हणावं, पण त्यालाही घर आहे हे विसरू नये. जिथे मागायची भीती वाटते ते नातं नव्हे, मग तिथे काका म्हणा नाहीतर देव म्हणा.

त्या लहानखुऱ्या बाईंनी मुलाला विचारलं की नाही, ते मेकॅनिकला रजेवरून कामावर परत आल्यावर कळलं. लिफ्ट तपासायला तो गेला, तर त्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजाऱ्याने सांगितलं, बहिणीकडे गेल्यात.

आणि त्या रजेत त्याच्या मुलीला "बाबा" म्हणायला आठवडा लागला. लागणारच. पहिले दोन दिवस ती त्याला तारीखच म्हणत होती. मग एका दुपारी जेवताना तिला पाणी हवं होतं, आई आत होती आणि तो शेजारी बसला होता.

"बाबा, पाणी."

त्याने पाणी दिलं.